दोर सैल झाल्यावर

दोर ताठ होता तोवर यंत्र शहाण्यासारखं उभं होतं. पंखा जोरात फिरतोय, पाय जमिनीपासून हातभर वर, कणा सरळ. मुलांनी एकमेकांना टाळ्या द्यायला सुरुवातही केली. मग पलूसच्या मुलाने थ्रॉटल जरा वाढवला, सगळं वजन दोरावरून पंख्यावर आलं, दोराला झोल पडला आणि यंत्र डुलायला लागलं. आधी बोटभर, मग वीतभर, मग थेट पाय भिंतीच्या दिशेने. "कट!" मी ओरडले. त्याने बटण दाबलं आणि यंत्र हिसका खाऊन दोराला लटकलं.

मी सांगलीतल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात नियंत्रण प्रणाली शिकवते. शेवटच्या वर्षाच्या चार मुलांनी सरळ वर जाऊन सरळ खाली उतरणारं छोटं यान करायचं ठरवलं होतं. २३ ऑगस्ट २०२३ ला विक्रम चंद्रावर उतरला तेव्हापासून हे त्यांच्या डोक्यात होतं. इंधनाची मोटर पेटवणं आमच्यासारख्यांचं काम नव्हे, म्हणून नळीत बसवलेला ९० मिलिमीटरचा विजेचा पंखा घेतला. पंख्याचा झोत खाली जातो, यान वर उचललं जातं आणि झोताच्या वाटेत चार फिरत्या पट्ट्या असतात. मुलं त्यांना व्हेन म्हणतात. व्हेन जरा वळली की झोत तिरका होतो, यानाचा खालचा भाग विरुद्ध बाजूला ढकलला जातो आणि अख्खं यान कलतं. चाचणीला जागा मिळाली ती कुपवाड एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये. तिथले अण्णा द्राक्षबागेच्या फवारणीचे ब्लोअर बनवतात. त्यांच्या गर्डरला चेन कप्पी आहे, तिलाच आम्ही दोर बांधला होता.

यंत्र खाली घेतल्यावर तासगावचा मुलगा म्हणाला, "मॅडम, बॅटरी अजून खाली घेऊया. किंवा सरळ पंखाच वर नेऊ आणि बाकी सगळं खाली लटकवू. मग हलणारच नाही."

हे प्रत्येकाला वाटतं, आणि वाटणाऱ्यांत फार मोठी माणसं आहेत. १६ मार्च १९२६ रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या ऑबर्न गावी रॉबर्ट गॉडर्डने जगातलं पहिलं द्रव इंधनाचं रॉकेट उडवलं, तेव्हा त्याने मोटर वर आणि टाक्या खाली ठेवल्या होत्या. ते अडीच सेकंद उडालं, साडेबारा मीटर वर गेलं आणि आडवं होऊन शेतात पडलं. पुढे त्याने मोटर खाली आणली. १९३२ मध्ये तर त्याने जायरोच्या, म्हणजे कलणं-फिरणं ओळखणाऱ्या उपकरणाच्या, इशाऱ्यावर हलणाऱ्या व्हेन मोटरच्या झोतात बसवून पाहिल्या. म्हणजे कुपवाडच्या शेडमध्ये जे टेबलावर होतं, तेच. मुलांना हे सांगताना मला खरोखर भरून आलं.

शेडच्या पत्र्यावर खडूने आकृती काढली. गुरुत्वाकर्षण वस्तूच्या गुरुत्वमध्यातून खेचतं, त्यामुळे हवेत असलेल्या वस्तूला ते फिरवू शकत नाही. पंख्याचा रेटा यानाच्या कण्याला बांधलेला. यान कललं की रेटाही तेवढाच कलतो आणि गुरुत्वमध्यातूनच जात राहतो. मग सावरणारं कोण? कुणीच नाही. पंखा वर ठेवा की खाली, बॅटरी कुठेही बांधा. कललेलं यान आपणहून सरळ होत नाही, आणि आपणहून जास्त कलतही नाही. ते कललेल्या दिशेने निघून जातं, एवढंच. तळहातावर काठी तोलण्याचं उदाहरण पुस्तकांत सगळीकडे असतं, पण ते अर्धंच लागू पडतं. काठी पडते कारण हाताचा रेटा वरच्याच दिशेने राहतो. यानाचा रेटा यानासोबत वळतो. सतत सावरत राहावं लागतं, एवढंच दोन्हींत सारखं.

"मग मघाशी कसं उभं होतं?" मिरजेच्या मुलीने विचारलं.

दोरामुळे. दोर यानाच्या डोक्याला बांधलेला आणि तो सतत वरच खेचतो, यान कललं म्हणून त्याची दिशा बदलत नाही. त्यात थोडंसं जरी वजन असलं तरी तो कण्याला सरळ ओढतो. शिवाय थ्रॉटल कमी असताना व्हेनवर येणारा झोतही कमी, म्हणजे प्रत्येक दुरुस्तीचा जोरही कमी. दोर सैल झाला तेव्हा आधार गेला आणि त्याच क्षणी दुरुस्तीचा जोर वाढला. दोराची चाचणी यंत्र वाचवते, पण तोल कोण सांभाळतंय हे लपवते. नासाचं मॉर्फियस नावाचं प्रायोगिक लँडर आधी क्रेनला टांगून बऱ्याचदा चालवलं होतं. ९ ऑगस्ट २०१२ ला केनेडी स्पेस सेंटरवर ते मोकळं उडालं. जमीन सोडताच त्याच्या संगणकाला कल आणि गती सांगणाऱ्या यंत्राकडून आकडे येणं थांबलं. काही सेकंदांत ते उलटलं आणि जळून गेलं. मोटर चालू होती, इंधन होतं. फक्त आपण किती कललो आहोत हे त्याला कळत नव्हतं.

आमच्या यंत्राला कळत होतं. मग चुकत काय होतं?

मुलीने लॅपटॉपवर लॉग, म्हणजे चाचणीतल्या आकड्यांची नोंद, उघडला. जायरोच्या कच्च्या आकड्यांची रेघ केसाळ होती, नुसती थरथर. ही थरथर गाळणाऱ्या फिल्टरमधून आलेली रेघ गुळगुळीत, दिसायला सुंदर. दोन्ही एकावर एक ठेवल्या तेव्हा दिसलं की गुळगुळीत रेघ दर वळणावर मागे पडतेय. यान डावीकडून परत फिरलं तरी फिल्टर अजून "डावीकडे चाललोय" म्हणतोय. आकडा स्वच्छ, पण शिळा.

तेवढ्यावर थांबायचं नाही, असं मी म्हटलं. पलूसच्या मुलाने मोबाइल सेकंदाला २४० फ्रेमच्या स्लो मोशनवर लावला, सर्व्होला, म्हणजे व्हेन वळवणाऱ्या छोट्या मोटरला, हुकूम जाताना पेटेल असा छोटा एलईडी जोडला आणि व्हेनचं टोक जवळून चित्रित केलं. त्या छोट्या पडद्यावर आम्ही पाच डोकी एकत्र आणून बघत होतो. एलईडी पेटला. सर्व्होचा हात हलला. त्या प्लास्टिकच्या हाताचं भोक झिजून लांबट झालं होतं आणि तारेचा आकडा आधी त्या भोकातच या कडेपासून त्या कडेला गेला. मग कुठे तार ओढली गेली, आणि शेवटी व्हेन. फ्रेम मोजल्या. फिल्टरचा उशीर, सर्व्होचा उशीर आणि भोकातला हा ढिलेपणा मिळून जवळजवळ एक दशांश सेकंद जात होता.

यंत्र दोन सेकंदांत साधारण तीन हेलकावे घेत होतं. त्या हिशेबाने प्रत्येक दुरुस्ती हेलकाव्याचा सातवा हिस्सा उशिरा पोचत होती. यान परतीच्या वाटेला लागलेलं असताना मागच्या कलाची दुरुस्ती येऊन त्याला आणखी ढकलायची. हेलकावे वाढवत होता तो व्हेनना हुकूम देणारा आमचा कंट्रोलरच.

"गेन कमी करू," लगेच सूचना आली. ती चूक नाही. गेन म्हणजे कलाच्या मानाने दुरुस्ती किती जोराची करायची ते प्रमाण, आणि ते कमी केलं की डोलणं थांबतं. पण असं यंत्र बंद शेडमध्येच उभं राहतं. कृष्णाकाठच्या मोकळ्या रानात वाऱ्याचा झोत आला की ते सावरायला वेळ लावतं, आणि तेवढ्यात पंचवीस फूट लांब गेलेलं असतं. मला ती पळवाट नको होती. उशीर कापायचा, जोर नाही.

एवढा जड फिल्टर का लावला होता? कारण पंख्याची थरथर जायरोत घुसत होती. अण्णा इतका वेळ मागे उभे राहून ऐकत होते. त्यांनी पंखा सुरू करायला लावला, नळीला हात टेकवला आणि म्हणाले, "मॅडम, फॅन बॅलन्स न्हाई ह्यो. आमचा ब्लोअर असा थरथरला तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी परत आणून टाकतंय." मोठ्या पंख्यांसाठी त्यांच्याकडे दोन आडव्या धारदार पट्ट्यांचं स्टँड आहे. त्यावर आमचा पंखा दांड्यासकट ठेवला. तो हलकेच घरंगळला आणि दर वेळी एकच पातं खाली येऊन थांबलं. समोरच्या बाजूला चिकटपट्टीचा नखाएवढा तुकडा, मग अजून एक, मग त्यातला अर्धा काढला. शेवटी पंखा ठेवू तिथे थांबायला लागला. तोवर मुलीने जायरोच्या पट्टीखालचा फोम बदलला आणि तासगावच्या मुलाने बाजारातून बॉल लिंक, म्हणजे गोळीच्या सांध्याची जोडणी, आणून झिजलेली प्लास्टिकची जोडणी काढून टाकली.

पुन्हा लॉग घेतला. थरथर इतकी उतरली होती की फिल्टर बराच हलका करता आला. एकूण उशीर तिसऱ्या हिश्शावर आला. गेनला आम्ही हात लावला नाही. फक्त थ्रॉटल वाढेल तसं व्हेनचं वळणं कमी करायची ओळ कोडमध्ये घातली. खऱ्या रॉकेटलाही हे करावंच लागतं. रेटा बदलतो, इंधन जळून वजन उतरतं, गुरुत्वमध्य सरकतो, आणि टाकीत उरलेलं द्रव डचमळून स्वतःचेच हेलकावे घालतं. २००७ च्या मार्चमध्ये स्पेसएक्सच्या फाल्कन १ रॉकेटची दुसरी झेप अशाच डचमळण्याने वाया गेली.

दिवे लागायच्या वेळी दोर पुन्हा सैल केला. यान उभं राहिलं. डुललं नाही असं नाही, पण दोन बोटांच्या आत. मी बांबूने त्याच्या खांद्याला हलकेच ढोसलं. ते कललं, परत आलं, जरासं पलीकडे गेलं आणि थांबलं. त्या वेळी व्हेन जे करत होत्या ते बघण्यासारखं होतं: आधी एका बाजूला पूर्ण वळण, आणि यान सरळ व्हायच्या आधीच उलटं वळण, वेग मारण्यासाठी. शिकवताना मी हे फळ्यावर शेकडो मुलांना दाखवलंय. चार पट्ट्यांना ते करताना पाहिलं आणि मला बोलवेना.

उतरणं मात्र वेगळं प्रकरण आहे. अण्णांच्या शेडची फरशी सपाट नाही. एक पाय आधी टेकला की जमीन ढकलते, कंट्रोलरला वाटतं आपण कलतोय, तो व्हेन वळवतो, पण यान वळत नाही, मग तो अजून वळवतो. साठलेली दुरुस्ती सुटली की यान टेकलेल्या पायावर उलटतं. म्हणून टेकल्याक्षणी रेटा तोडावा लागतो. अपोलोच्या चांद्रयानाच्या पायांखाली १.७ मीटर लांबीच्या सळ्या असायच्या. त्या जमिनीला लागल्या की आत दिवा पेटायचा आणि अंतराळवीर मोटर बंद करायचे. आम्ही चारही पायांत स्विच बसवले आहेत आणि कुठलेही दोन दाबले गेले की पंखा बंद होतो. राहिलेली उंची पायांनी सोसायची. चांद्रयान ३ च्या वेळी इस्रोने पाय सेकंदाला ३ मीटर वेगाने आदळणं सोसतील असे मजबूत केले होते, आधी ती मर्यादा २ मीटरची होती. आमच्या पायांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे लावलेत. त्या संध्याकाळी दोर सैल ठेवून यान खाली उतरवलं तेव्हा ते एकदा उडी मारून तिरकं टेकलं, पण उभं राहिलं.

एक काम शिल्लक आहे. पंखा एकीकडे फिरतो म्हणून यान दुसरीकडे गिरकी घेऊ पाहतं. ती अडवायला चारही व्हेन कायम थोड्या एकाच बाजूला वळलेल्या राहतात, आणि तोल सावरायला जेवढं वळण हातात हवं त्यातलं बरंच तिथेच खर्ची पडतं. उपाय म्हणजे पंख्याच्या खाली, व्हेनच्या वर, झोताची गिरकी मोडणारी स्थिर पाती बसवणं. त्यांचा कोन किती ठेवायचा याचं गणित तासगावच्या मुलाने घेतलंय, आणि ती पाती ॲल्युमिनियमच्या पत्र्यात कापून द्यायला अण्णा तयार आहेत.