कठड्यावरचा तेलाचा डबा

गेल्या गुरुवारी सकाळी साताऱ्याहून कास पठाराकडं चढणाऱ्या यवतेश्वरच्या घाटात, कठड्यावर ठेवलेला १५ किलोचा तेलाचा डबा राखत मी अर्धा तास बसले होते. डबा माझ्या एका विद्यार्थिनीचा. तो असा घाटाच्या मध्यावर का उतरवून ठेवावा लागला, याचा माग काढत गेलं की वाट येऊन पोचते ती पाडव्याच्या आदल्या दिवशी शोरूममध्ये मी धरलेल्या हट्टाशी.

साताऱ्यात मी बायकांना टू-व्हीलर शिकवते. १७ वर्षं झाली. स्वतः शिकले वडिलांच्या लुनावर. १९७२ पासून रस्त्यावर आलेली ती ५० सीसीची, पायडलवाली गाडी आमच्या पिढीच्या कितीतरी मुलींची पहिली गाडी होती. कारण साधं होतं. तिच्यावर बसलं की दोन्ही पाय जमिनीला पुरायचे, आणि कलली तर एका हातानं सावरता यायची. पुढं १९८४ मध्ये कायनेटिक होंडा आली, गिअर नाही, किक मारायची नाही, बटण दाबलं की सुरू. मग २००१ पासून अ‍ॅक्टिव्हा, आणि आता आमच्याकडं कुठल्याही कंपनीच्या स्कूटरला अ‍ॅक्टिव्हाच म्हणतात. पण नव्या बाईला गाडी निवडून देताना मी अजून लुनाचाच नियम लावते: सीटवर बसल्यावर टाचा टेकल्या पाहिजेत, आणि इंजिन बंद असताना गाडी एकटीला मागं घेता आली पाहिजे.

माझ्याकडं पहिले दोन दिवस चावी लावत नाहीत. नवरा सोडायला आलेला असतो, त्याला वाटतं पैसे फुकट चालले. पण ती दोन दिवसांची शिकवणीच खरी. गाडी डाव्या बाजूनं धरून चालवत न्यायची, वळवायची, उलटी न्यायची, मेन स्टँडला लावायची. मेन स्टँड म्हटलं की बायका आधी दंडांकडं बघतात. दंडांचं काही काम नसतं. डावा हात हँडलला, उजवा सीटखालच्या दांड्याला, उजव्या पायानं स्टँड खाली दाबून त्याचे दोन्ही पाय जमिनीला टेकले असं कळेपर्यंत थांबायचं, आणि मग सगळं अंग त्या एका पायावर टाकायचं. गाडी आपोआप मागं सरकून चढते. एकच पाय टेकलेला असताना जोर केला तर दहा माणसं आली तरी चढत नाही. पन्नाशीतली बाई पहिल्यांदा हे करते तेव्हा तिच्या तोंडावर जे येतं, ते बघायला मी रोज पहाटे साडेपाचला मैदानावर जाते.

दुसरी गोष्ट उजव्या मुठीची. माणूस पडायला लागलं की हाताला लागेल ते घट्ट धरतं. गाडीवर हाताला लागते ती मूठ, आणि मूठ घट्ट धरताना मनगट खाली गेलं की अ‍ॅक्सिलरेटर पिळला जातो. थांबवायच्या वेळीच गाडी उसळी घेते. शिकताना होणारे बहुतेक अपघात हे असे होतात. पाय जमिनीला पुरत नसतील तर ही भीती दर सिग्नलला येते. म्हणून मी टाचांचा आग्रह धरते.

आता त्या डब्याच्या मालकिणीबद्दल, म्हणजे वहिनींबद्दल. वय ४४, उंची चार फूट नऊ इंच, वजन पन्नासच्या आत-बाहेर. घाटाच्या वर गाव. कासला फुलं आली की रस्त्याकडंला नवरा-बायको झुणका-भाकरीचा गाडा लावतात. २०१२ मध्ये कासचं नाव जागतिक वारशाच्या यादीत लागलं, त्यानंतर पर्यटकांची गर्दी वाढतच गेली, त्यामुळं ते दोन महिने वर्षाचं निम्मं घर चालवतात. बाजार मात्र साताऱ्यात. एसटीच्या वेळा सांभाळत पोती आणायची म्हणजे अख्खा दिवस. म्हणून गाडी घ्यायचं ठरलं.

सायकल कधी चालवली नव्हती. "सायकल येते का?" हा माझा पहिला प्रश्न असतो, कारण जिला येते ती चार-पाच दिवसांत गाडीवर बसते. वहिनींना १९ दिवस लागले. पण १९व्या दिवशी त्यांनी आठचा आकडा असा काढला, पाय न टेकता, की मैदानावर पळायला आलेली पोरं थांबून बघत राहिली. लर्निंग लायसन्स होतंच, तीस दिवस झाल्यावर आरटीओतही पहिल्या फटक्यात पास.

गुढीपाडवा तोंडावर आला होता. आदल्या दिवशी वहिनींचा फोन आला, "ताई, गाडी बघायला तुमी या. तुमी सांगाल ती घेऊ."

शोरूममध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. दुसऱ्या दिवशीच्या डिलिव्हरीच्या गाड्या झेंडूच्या माळा घालून ओळीनं उभ्या. या दिवसांत शोरूमवाले माणसाकडं बघत नाहीत, चेसी नंबराकडं बघतात. कुठली गाडी स्टॉकात आहे ती "ताईंना एकदम सूट होते". टेस्ट राइड देतात ती समोरच्या सरळ रस्त्यावर शंभर मीटर. सरळ रस्त्यावर कुठलीही गाडी कुणालाही चालवता येते.

वहिनींच्या मुलानं १२५ सीसीची एक गाडी आधीच पसंत करून ठेवली होती. बावीसचा मुलगा, एमआयडीसीत कामाला, डाउन पेमेंट त्याचंच. मी वहिनींना त्या गाडीवर बसवलं. टाचा चार बोटं वर. मग म्हटलं, उतरा, आणि दारातल्या उतारावरून ही मागं घ्या. त्यांनी दोन पावलं घेतली, उतारानं गाडी ओढली, हँडल वळलं आणि गाडी माळा घातलेल्या ओळीवर कलली. मी आणि सेल्समन दोघांनी मिळून धरली. वहिनींनी हात सोडला नव्हता, पण तोंड पांढरं पडलं होतं.

सेल्समन म्हणाला, "दोन दिवसांत सवय होती, मॅडम. सगळ्या लेडीज हीच नेतात."

मुलगा म्हणाला, "मॅडम, आमचा घाट हाय. पॉवर लागती."

मी म्हणाले, "पॉवर तुला लागते, बाळा. आईला गाडी लागते."

आजूबाजूची दोन माणसं हसली. मुलगा गप्प झाला. तेव्हा मला माझं ते वाक्य फार आवडलं होतं.

मग मी दुसऱ्या शोरूममध्ये नेऊन ९० सीसीच्या आतली, वजनाला पंचाण्णव किलोच्या आतली गाडी घ्यायला लावली. नाव सांगत नाही, कारण पुढं जे झालं त्यात दोष त्या गाडीचा नाही. वहिनींच्या टाचा टेकल्या. मेन स्टँडला त्यांनी ती एका दमात चढवली. बारा-चौदा किलोचा फरक कागदावर काहीच वाटत नाही, पण कललेली गाडी सावरताना तेवढ्यातच ती हातात राहते नाहीतर जाते. सीट कव्हर, गार्ड, मॅटिंग असलं सगळं काढायला लावून बिल कमी करून घेतलं. पाडव्याला गाडी घरी गेली. मी पेढा खाल्ला.

गेल्या आठवड्यात बाजारात गाठ पडली. बोलता बोलता म्हणाल्या, "सीझनला वर जायला दोन खेपा कराव्या लागत्यात." मला कळेना. म्हटलं, गुरुवारी तुमच्या मागून येते.

गुरुवारी मंडईतून निघताना त्यांनी गाडी भरली ती मी बघत राहिले. पायाशी तेलाचा डबा, त्यावर बेसनाची पिशवी. मागच्या सीटवर तीस किलो पिठाचं पोतं, दोरीनं आवळलेलं. हँडलच्या हुकाला कांदे. हे सगळं मी कधी विचारलंच नव्हतं. मैदानावर १९ दिवस त्या रिकाम्या गाडीवर होत्या. मी त्यांची उंची मोजली, वजन विचारलं, चष्म्याचा नंबर विचारला. गाडीवर काय न्यायचंय, एवढं सोडून सगळं विचारलं.

समर्थ मंदिराच्या पुढं चढ लागला. चालती असेतो गाडी चढत होती, पोराच्या मागून म्हातारी चालावी तशी, पण चढत होती. अडचण थांबण्याची. एका वळणावर वरून पर्यटकांची मोठी गाडी मधून आली. घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची हा वाहतुकीचा नियम आहे, लर्निंगच्या परीक्षेला लोक तो पाठ करून येतात आणि कासला जाताना विसरतात. वहिनींना थांबावं लागलं. मग अ‍ॅक्सिलरेटर दिला तर इंजिन नुसतं गुरगुरलं. गिअर नसलेल्या गाडीत चाकाला किती जोर द्यायचा ते पट्टा आणि क्लच आपलं आपण ठरवतात. उभ्या चढावर, एवढ्या ओझ्यासह, एका जागेवरून उठायला लागणारा जोर त्या इंजिनात नव्हता. शिवाय सगळं वजन मागं, त्यामुळं पुढचं चाक हलकं. गाडी वीतभर मागं आली.

मी माझी गाडी लावून धावेपर्यंत वहिनींनी दोन्ही ब्रेक दाबले होते. डावा पाय डोंगराच्या बाजूला टेकलेला, सबंध टाच जमिनीवर, मनगट वर. जसं शिकवलं तसंच, जरासुद्धा न घाबरता. गाडी हलली नाही. अंगावर काटा आला माझ्या. १२५ असती आणि पाय लोंबकळत असते तर तिथं काय झालं असतं, हेही मला त्याच क्षणी दिसलं. आणि १२५ असती तर ती कदाचित तिथून सहज उठली असती, हेही.

त्या सरावल्यासारख्या खाली उतरल्या, डबा उचलून कठड्यावर ठेवला, पदर खोचला. "ताई, तुमी हितं बसा. पीठ वर यवतेश्वराच्या मंदिरापाशी ठिवून येते." ओझं हलकं झाल्यावर गाडी उठली. मी डब्याशेजारी बसले. खाली सातारा, समोर अजिंक्यतारा, धुकं वर येत होतं. पंधरावीस गाड्या गेल्या. दोघांनी थांबून विचारलं की तेल विकायला आहे का.

तेव्हा मला शोरूममधली तिसरी गाडी आठवली. दोघींच्या मधली, ११० सीसीची, एकशेपाच-सहा किलोची. ती तिथंच होती. मुलगा आणि मी बोलत असताना वहिनी जाऊन तिच्यावर बसल्या होत्या. चवडे पूर्ण टेकत होते, टाचा जराशा वर. "ह्ये बी बरं वाटतंय," असं म्हणाल्याही होत्या. मुलानं ऐकलं की नाही माहीत नाही. मी ऐकलं होतं. पण तोवर ते मुलाचं की माझं असं झालं होतं, आणि मधल्या गाडीनं कुणाचंच खरं ठरत नव्हतं. इंच-दीड इंच जाड टाचेची चप्पल घातली असती तरी भागलं असतं. ही युक्ती मी दुसऱ्या बायकांना दहादा सांगितलेली आहे.

वहिनी परत आल्या. डबा पायाशी ठेवून वर जाताना मी विचारलं, "त्या दिवशी मी चुकले का?"

"न्हाई वो. ही माझ्या हातात बसती. पडली तर मी उचलते. ती मोठी एकदा पडली आस्ती तर मी परत हातबी लावला नसता." मग थोड्या वेळानं, "पण लेकाला तुमी जरा लागेल आसं बोलला हुता."

वर गाड्यावर मुलगा सुट्टी काढून परातीत भाकरीचं पीठ मळत बसला होता. मला चहा दिला. घाटाबद्दल एक अक्षर बोलला नाही. मीच म्हटलं, "तुझं बरोबर होतं, घाटाचं." त्यानं मान हलवली आणि डबा आत नेऊन ठेवला.

उतरायच्या आधी मी वहिनींना उताराचं शिकवलं, तेही आधी शिकवायचं राहिलं होतं. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण सोडून गाडी फार हळू होऊ दिली की क्लच सुटतो आणि गाडी मोकळी धावते, मग सगळा भार ब्रेकवर. थोडी गती धरून ठेवायची, ब्रेक दाबून न ठेवता दाबायचा-सोडायचा. डावा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो, २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना हे सक्तीचं झालं, पण म्हणून उजवा विसरायचा नाही. त्यांनी माझ्या पुढं तीन वळणं उतरून दाखवली.

मी म्हटलं, पुढच्या पाडव्याला एक्स्चेंजमध्ये ११० बघू, तेलाचा डबा सोबत घेऊनच शोरूमला जाऊ, भरलेला.

"हिचं एकोणीस हप्ते ऱ्हायल्यात, ताई," वहिनी म्हणाल्या. "तोवर डबा बसंल कठड्यावर." आणि कांद्याची पिशवी हुकाची काढून आत गेल्या.