गार्डचा स्क्रू गंजला होता म्हणून

गॅलरीतली लोखंडी मांडणी काढायची होती, ती स्लॉटेड अँगलची, म्हणजे भोकाभोकांच्या लोखंडी पट्ट्यांची असते ना तसली. बाबा माझगाव डॉकला फिटर होते, त्यांनी कधीतरी ऐंशीच्या दशकात मुंबईच्या नागदेवी बाजारातून अँगल आणून घरीच जोडलेली, नटबोल्ट सगळे गंजून एकजीव झालेले. भंगारवाला म्हणाला अख्खी लिफ्टमध्ये मावणार नाही, कापून द्या. मग मी बाबांचा ४ इंची ग्राइंडर, म्हणजे गोल डिस्क फिरवून लोखंड कापायचं हातातलं मशीन, माळ्यावरून काढला.

त्याआधी दोन दिवस आमचे सुतारकाका आलेले, त्यांनी ग्राइंडर हातात घेतला आणि पहिलं वाक्य, ताई हा गार्ड काढून टाका, काय दिसत नाय कापताना. गार्ड म्हणजे डिस्कवरचं पत्र्याचं अर्धगोल झाकण. मी खरंच काढायला गेले. पण गार्ड आवळून धरणाऱ्या पट्ट्याचा स्क्रू इतका गंजलेला की पान्याने फिरला नाही, डोकं गोल व्हायला लागलं, शेवटी कंटाळून म्हटलं राहू दे. हे मुद्दाम सांगतेय कारण नंतर सगळे म्हणाले बरं झालं तू काळजी घेतलीस. काळजी वगैरे काही नाही, स्क्रू गंजला होता.

तर अँगल दोन्ही टोकांना दोन स्टुलांवर ठेवला आणि मधोमध कापायला घेतला. मला वाटलं दोन्हीकडून आधार म्हणजे मजबूत. उलटं असतं ते. कापत आलं की मधला भाग खाली बसतो आणि वरची चीर मिटते, डिस्क चिमट्यात धरल्यासारखी अडकते. तसंच झालं, मशीनने हाताला असा हिसका दिला की कोपरापर्यंत झिणझिण्या, फाट् करून आवाज आला, आणि डिस्क गायब. एक तुकडा गार्डच्या आत, पत्र्याला मोठा पोचा. दुसरा पुढे उडून निळ्या प्लास्टिकच्या बादलीच्या आरपार. त्या पोच्याच्या मागे माझं पोट होतं.

नंतर हिशोब केला. मशीनवर ११,००० आरपीएम, म्हणजे मिनिटाला तेवढे फेरे, लिहिलंय आणि डिस्क १०० मिमीची, म्हणजे तिची कड ताशी २०० किलोमीटरच्या वर जाते. फास्ट लोकलच्या दुप्पट, आणि मी दीड फुटावर गाऊन घालून उभी.

मग डिस्कचा मधला भाग सोडवून बघितला. भोकाभोवती जी पत्र्याची कडी असते तिच्यावर मुदत संपायचा महिना आणि साल ठोकलेलं असतं, हे मला आयुष्यात माहीत नव्हतं. आमच्यावर होतं ०६/२०१९. या डिस्क राळेत चिकटवलेल्या असतात आणि दमट हवेत ती राळ कमजोर होते, म्हणून कंपन्या साधारण तीन वर्षांची मुदत देतात. मुंबईत माळ्यावर किती पावसाळे काढले असतील त्या डिस्कने. बिस्किटाच्या पुड्याची तारीख आपण तीनदा बघतो.

नवीन आणायला नागदेवीला गेले तर दुकानदार आधी विचारतो मिस्टर नाही आले का. असो. डिस्कवरचा आरपीएमचा आकडा मशीनच्या आकड्याइतका किंवा त्याहून मोठा हवा, एवढं बघायचं. ५ इंची डिस्क ४ इंची मशीनला गार्ड असताना बसतच नाही, मग लोक गार्ड काढून बसवतात, आणि लाकूड कापायचं दातवालं ब्लेड तर कित्येक ठिकाणी सर्रास लावलेलं दिसतं. दात लाकडात रुतले की मशीन थेट अंगावर येतं, मला विचाराल तर ते विकूच नये.

गॉगल पण घेतला. मला चष्मा आहे, इतके दिवस वाटायचं तोच पुरे, पण कण बाजूने येतात आणि लोखंडाचं कुसळ डोळ्यात गेलं की पाण्याने धुऊन निघतंच असं नाही, डॉक्टरकडे जावं लागतं. ठिणग्या कुठे जातायत ते पण बघा, माझ्या ठिणग्या शेजारच्या काकूंच्या वाळत घातलेल्या साडीवर गेल्या, बारीक बारीक भोकं, अजून नीट बोलत नाहीत माझ्याशी.

आणि हो, त्या दिवशी एमसीबी पण पडला होता. मशीनचं बटण सरकवून लॉक होतं तसलं, ते ऑनच राहिलेलं. मुलाने आतून एमसीबी वर केला असता तर ग्राइंडर जमिनीवर एकटाच नाचला असता. नशिबाने तो मोबाईलमध्ये होता. आता आधी प्लग काढते मग बाकीचं. प्लग म्हणजे खरा प्लग हं, वायरची टोकं सॉकेटमध्ये घालून आगकाडी खुपसायची ती आपली मुंबईची साइटवरची पद्धत नाही.

बाबांच्या पेटीत ड्रिल पण आहे. त्याच्या चकची, म्हणजे बिट पकडणाऱ्या तोंडाची, चावी सुतळीने वायरला बांधलेली, आणि तीही पार प्लगजवळ. लहानपणापासून बघतेय, वाटायचं हरवू नये म्हणून असेल. परवा बिट बदलायला घेतला तेव्हा कळलं. सुतळी इतकी आखूड आहे की प्लग बोर्डातून काढून मशीनपर्यंत आणल्याशिवाय चावी चकला पोचतच नाही. म्हणजे चावी चकमध्ये विसरून मशीन चालू करणं शक्यच नाही. बाबांनी हे कधी कुणाला समजावलं नाही, गाठ मारून ठेवली आणि विषय संपला.

अर्धी मांडणी अजून गॅलरीत उभी आहे. या वेळी कापायचं टोक स्टुलाच्या बाहेर ठेवणार, म्हणजे तुकडा खाली लोंबेल आणि चीर उघडी राहील. सोसायटीत दुपारी २ ते ४ आवाज बंद, त्यामुळे शनिवारी ४ नंतर. काकूंना आधीच सांगून ठेवलंय कपडे आत घ्या म्हणून.