वांग्यातली अळी आणि ट्रायकोकार्ड : माझा एका हंगामाचा अनुभव

कृष्णाकाठच्या आमच्या रानात वांगी जुनी आणि त्यांची शेंडा व फळ पोखरणारी अळीही तितकीच जुनी. अंड्यातून निघालेली अळी काही तासांतच कोवळ्या शेंड्यात किंवा फळात शिरते आणि मग औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही, हे ठाऊक असूनही मी वर्षानुवर्षे दर आठवड्याला पाठीवर पंप घेत होतो. अळी निघण्याआधी अंड्यातच तिचा निकाल लावणारा ट्रायकोग्रामा हा मिलिमीटरहूनही लहान परोपजीवी कीटक मला पटला तो त्यामुळेच.

लावणीनंतर महिन्याभराने कामगंध सापळ्यात (मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारा सापळा) या अळीचे पतंग दिसू लागले, तेव्हा पहिले ट्रायकोकार्ड आणले. त्यावर तांदळावरील पतंगाची सुमारे 20,000 अंडी चिकटवलेली असतात. आत ट्रायकोग्रामा वाढत असल्याने ती काळी पडलेली, खसखशीहून बारीक. आठवड्याला एकरी एक कार्ड, असे प्रमाण होते. मी उत्साहाच्या भरात भर दुपारी पट्ट्या कापून पानांखाली स्टेपल केल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो पट्ट्यांवर मुंग्यांची रांग, निम्मी अंडी फस्त.

पुढचे कार्ड मी घरात सावलीला, तोंडाला पातळ कापड बांधलेल्या काचेच्या बरणीत ठेवले. चौथ्या दिवशी काचेवर धुळीसारखे कण चालताना दिसले, त्याच संध्याकाळी पट्ट्या लावल्या. मुंग्यांना हाताशी मिळाली ती जेमतेम एक रात्र. तिसऱ्या वेळी शेजारच्या फवाऱ्याचे तुषार वाऱ्याने आमच्या रानात आले आणि तो आठवडा वाया गेला. त्यानंतर शेजारी फवारणीआधी सांगू लागले. पट्ट्या लावल्यावर निदान आठवडाभर रासायनिक औषध नको, हे त्यांनाही पटले.

पाचव्या सोडणीनंतर भिंग घेऊन मी पानांच्या मागची बाजू तपासत बसलो. उबण्याच्या बेतातले निरोगी अंडे नारिंगी दिसते. मला दोन पानांवर पूर्ण काळी अंडी सापडली आणि खरे सांगायचे तर क्रेटमधल्या चांगल्या वांग्यांपेक्षा त्यांचाच आनंद अधिक झाला. मान टाकलेले शेंडे खुडून नष्ट करणे मात्र सुटलेले नाही, आणि तुडतुड्यांवर या कीटकाचा काडीचाही उपयोग होत नाही.