मॅस्टोडॉन ब्राउझरमध्ये वापरताना: सर्व्हरला माहीत असेल तेवढंच पडद्यावर

एखाद्याचं प्रोफाइल उघडावं, वर पोस्टची संख्या दीड-दोन हजार दिसावी आणि खाली पाहावं तर जेमतेम तीन पोस्ट. मॅस्टोडॉन या ट्विटरसारख्या समाजमाध्यमावर नव्याने आलेले बरेच जण इथेच अडखळतात आणि काहीतरी मोडलंय असं समजून परत फिरतात. खरं तर काहीच मोडलेलं नसतं. ते खातं दुसऱ्या सर्व्हरवर असतं आणि आपल्या सर्व्हरवरून आजवर त्या व्यक्तीला कुणीच फॉलो केलेलं नसतं. त्यामुळे तिच्या जुन्या पोस्ट आपल्याकडे कधी पोचलेल्याच नसतात. पोस्टचा एकूण आकडा मूळ सर्व्हर कळवतो, पोस्ट मात्र पाठवत नाही. आज फॉलो केलंत की आजपासूनच्या पोस्ट येऊ लागतात. मागचं वाचायचं असेल तर प्रोफाइलवरच्या तीन टिंबांच्या मेनूतून मूळ पान उघडायचं.

ऑयगेन रोच्को यांनी २०१६ मध्ये मॅस्टोडॉन आणलं तेव्हापासून त्याची रचना अशीच आहे: हजारो स्वतंत्र सर्व्हर, आणि ते एकमेकांना निरोप पोचवतात. ते ज्या भाषेत बोलतात ती अ‍ॅक्टिव्हिटीपब जानेवारी २०१८ मध्ये वेबचं अधिकृत मानक झाली. भारतात नोव्हेंबर २०१९ मध्ये ट्विटरने एका ज्येष्ठ वकिलांचं खातं बंद केल्यावर पहिली मोठी लाट आली, आणि २०२२ च्या शेवटी ट्विटरची मालकी बदलल्यावर जगभरातून दुसरी. दोन्ही वेळा आलेल्यांपैकी कित्येक जण पहिल्या आठवड्यातच परत गेले. आपला सर्व्हर काय जाणतो आणि काय जाणत नाही, हे आधी कुणी सांगितलं असतं तर त्यातले बरेच टिकले असते असं मला वाटतं. म्हणून हे जरा सविस्तर.

शोधपट्टीपासून सुरुवात करू, कारण मॅस्टोडॉनच्या वेब पानावरचं सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात दुर्लक्षित हत्यार तेच आहे. शोधायला ती लागतेच, पण बाहेरची वस्तू आपल्या सर्व्हरवर ओढून आणायचं कामही तीच करते. कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर एखाद्या पोस्टचा दुवा पाठवला आणि तुम्ही तो थेट उघडलात, तर तुम्ही परक्या सर्व्हरवर पोचता. तिथे तुमचं लॉगिन नसतं, म्हणून उत्तर द्या किंवा बूस्ट करा (म्हणजे ती पोस्ट आपल्या फॉलोअरना पुढे दाखवा) म्हटलं की चौकट उघडते आणि तुमचा घरचा सर्व्हर विचारते. तिथे सर्व्हरचं नाव भरून आपल्या घरी जाता येतं. त्याहून खात्रीचा मार्ग म्हणजे पत्ता जसाच्या तसा कॉपी करायचा, आपल्या टॅबमधल्या शोधपट्टीत चिकटवायचा आणि एंटर दाबायचं. दोन-तीन सेकंदांत तीच पोस्ट आपल्या पानावर येते आणि सगळी बटणं चालू लागतात. माणूस शोधतानाही हँडल अर्धवट लिहू नका. @ चिन्ह, नाव, पुन्हा @ आणि सर्व्हरचं नाव असा पूर्ण पत्ता द्या. नुसत्या नावावर शोधलंत तर सर्व्हरला आधीपासून माहीत असलेली खातीच सापडतील.

उत्तरांचंही तसंच. एखाद्या चर्चेत तुमच्या पडद्यावर चार उत्तरं दिसतात आणि मूळ पानावर पंधरा असतात. उरलेली अकरा अशा लोकांची असतात ज्यांना तुमच्या सर्व्हरवरून कुणी फॉलो करत नाही. नव्या आवृत्त्या ही उत्तरं स्वतःहून गोळा करायला लागल्या आहेत, पण सगळे सर्व्हर अद्ययावत नसतात. आपल्या सर्व्हरची आवृत्ती पानाच्या बाजूच्या पट्टीच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेली असते. वादग्रस्त विषयावर उत्तर देण्याआधी मूळ पान एकदा उघडून पाहावं. तुम्ही सांगणार ती गोष्ट बहुतेक वेळा आधीच कुणीतरी सांगितलेली असते.

मराठी हॅशटॅग आणि विभक्तीचे प्रत्यय

मॅस्टोडॉनच्या होम टाइमलाइनवर तुमची पोस्ट पुढे ढकलणारी यंत्रणा नाही. तिथे फॉलो केलेल्यांचं लिखाण वेळेच्या क्रमाने येतं, बस. अनोळखी वाचक तुमच्यापर्यंत येतो तो बूस्टमधून नाहीतर हॅशटॅगमधून. हॅशटॅग देवनागरीत चालतात. अडचण येते ती आपल्या व्याकरणामुळे. वाक्याच्या ओघात आपण #पुण्यात लिहितो आणि पोस्ट #पुणे या टॅगखाली येतच नाही, कारण यंत्राच्या लेखी हे दोन वेगळे शब्द आहेत. #मराठी आणि #मराठीत यांचंही तेच. उपाय सोपा आहे: वाक्यात हॅश लावूच नका. मजकूर संपल्यावर एक ओळ सोडून शेवटच्या ओळीत टॅग मूळ रूपात लिहा. शेवटच्या ओळीत फक्त टॅग असतील तर आताच्या आवृत्त्या ते पोस्टखाली वेगळ्या पट्टीत नीटस दाखवतात, वाचनात अडथळा येत नाही. टॅगमध्ये जागा सोडता येत नाही, जोडायचंच तर अधोरेषा वापरा. नुसत्या आकड्यांचा टॅग बनत नाही. आणि ‘ऱ्या’सारखं जोडाक्षर काही कीबोर्ड अक्षरांच्या मधे एक अदृश्य चिन्ह घालून बनवतात, तिथे टॅग अर्ध्यात तुटू शकतो. पोस्ट गेल्यावर टॅगचा रंग शेवटपर्यंत लागलाय का ते पाहा, नसेल तर लगेच संपादित करा.

टॅगचं पान उघडून फॉलो केलंत की त्या टॅगच्या पोस्ट होममध्ये येतात. इथेही तोच नियम: तुमच्या सर्व्हरला माहीत असलेल्याच पोस्ट. दहा-वीस जणांच्या छोट्या सर्व्हरवर #मराठी उघडलं तर पान जवळजवळ रिकामं असेल. अशा वेळी मोठ्या सर्व्हरवरचं तेच टॅगचं पान दुसऱ्या टॅबमध्ये उघडावं, तिथे लिहिणारी माणसं हेरावीत आणि त्यांचे पत्ते शोधपट्टीतून आपल्याकडे आणून फॉलो करावं. आठवडाभर हे केलं की टॅगचं पान भरू लागतं, आणि त्याचा फायदा तुमच्या सर्व्हरवरच्या इतर मराठी वाचकांनाही मिळतो.

प्रत्ययांचा असाच त्रास फिल्टरमध्ये होतो. निवडणुकीच्या दिवसांत त्या विषयाच्या पोस्ट नको असतील तर सेटिंगमधल्या ‘फिल्टर्स’मध्ये शब्द घालता येतो. तिथे ‘होल वर्ड’ची टिक असते, मराठीसाठी ती काढून टाका. नाहीतर ‘क्रिकेट’ अडेल आणि ‘क्रिकेटचा’ बिनधास्त आत येईल. शिवाय सामान्यरूपाचा विचार करा. ‘निवडणूक’ घातलंत तरी ‘निवडणुकीत’ आणि ‘निवडणुका’ सुटतील, कारण तिथे दीर्घ ऊ ऱ्हस्व होतो. एकाच फिल्टरमध्ये अनेक शब्द बसतात, तेव्हा ‘निवडणूक’ आणि ‘निवडणुक’ अशी दोन्ही रूपं टाका. दुसरं शुद्धलेखनाला धरून नाही, पण काम तेच करतं. फिल्टरला मुदतही देता येते. निकालाच्या दुसऱ्या दिवशी तो आपोआप उठेल असं ठेवलं की बरं.

भाषेची खूण

मराठीत लिहिणाऱ्यांकडून सगळ्यात जास्त राहून जाणारी गोष्ट ही आहे, आणि तिच्याकडे लक्ष द्या असं मी कळकळीने सांगेन. लिहिण्याच्या चौकटीत भाषेचं एक छोटं बटण असतं. प्रत्येक पोस्टबरोबर ती कुठल्या भाषेत आहे याची खूण जाते आणि ती या बटणावरून ठरते. मजकूर मराठी आणि खूण इंग्रजीची, अशा पोस्ट ढिगाने दिसतात.

फरक बराच पडतो. सार्वजनिक टाइमलाइनवर फक्त मराठी पाहायचं ठरवलेल्या वाचकाला ती पोस्ट दिसत नाही. फॉलो केलेल्या माणसाच्या प्रोफाइलवर, तीन टिंबांच्या मेनूत, त्याच्या कुठल्या भाषांमधल्या पोस्ट हव्यात ते निवडता येतं. तिथे कुणी तुमचं फक्त मराठी मागितलं असेल तर इंग्रजीची खूण लागलेली मराठी पोस्ट त्याला कधीच मिळणार नाही. भाषांतराची सोय असलेला सर्व्हरही याच खुणेवर विसंबतो. आणि स्क्रीन रीडर वापरणाऱ्या दृष्टिहीन वाचकाचं यंत्र ही खूण पाहून आवाज निवडतं. देवनागरी मजकूर इंग्रजी आवाजात वाचला गेला की त्याला काय ऐकू येत असेल याची कल्पना करा.

एकदाच करून ठेवा: सेटिंगमध्ये पोस्टिंगची भाषा मराठी निवडा. आवृत्तीनुसार ती ‘अदर’ या पानावर किंवा ‘पोस्टिंग डिफॉल्ट्स’मध्ये असते. इंग्रजीत लिहाल तेव्हा तेवढ्यापुरतं बटण बदला. पडद्यावरची बटणंही मराठीत करता येतात, ‘अपिअरन्स’मध्ये इंटरफेसची भाषा बदलून. मराठी भाषांतर अपुरं आहे, मधेमधे इंग्रजी दिसतं. हे भाषांतर स्वयंसेवक क्राउडिन या संकेतस्थळावर करतात आणि तिथे मराठीला हात हवेच आहेत. वापरकर्ता-नाव मात्र देवनागरीत घेता येत नाही, तिथे रोमन अक्षरं, आकडे आणि अधोरेषा एवढंच. प्रदर्शनी नाव मराठीत ठेवा, ३० अक्षरांची मर्यादा आहे.

अनेक रकाने

मोठ्या पडद्यावर काम करत असाल तर ‘अपिअरन्स’मध्ये ‘एनेबल अ‍ॅडव्हान्स्ड वेब इंटरफेस’ला टिक करा आणि जतन करा. पान उलगडून रकान्यांमध्ये येतं: डावीकडे लिहायची चौकट, मग होम, मग सूचना, आणि शेवटचा रकाना सतत बदलणारा. तुम्ही जे उघडाल ते शेवटच्या रकान्यात येतं. ते कायम हवं असेल तर रकान्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यातल्या सेटिंगच्या चिन्हावर टिचकी मारून ‘पिन’ करा, बाणांनी डावी-उजवीकडे सरकवा. हॅशटॅगचा रकाना पिन केला की त्याच सेटिंगमध्ये जास्तीचे टॅग जोडता येतात: यातला कुठलाही, सगळे मिळून, किंवा यातला एकही नको. #मराठीचा रकाना करून त्यात #मराठीत आणि #मराठीभाषा ‘कुठलाही’ या गटात घातले की वर सांगितलेली प्रत्ययांची गळती वाचकाच्या बाजूनेही थांबते.

रकाने भराभर सरकून वाचताना जागा हरवत असेल तर ‘स्लो मोड’ चालू करा, नव्या पोस्ट तुम्ही टिचकी मारेपर्यंत वर थांबून राहतात. कीबोर्डने चालायचं असेल तर जे आणि के या कळांनी खाली-वर, आर ने उत्तर, बी ने बूस्ट, एफ ने पसंती, एन ने नवी पोस्ट. कंट्रोल आणि एंटर एकत्र दाबलं की पोस्ट रवाना. प्रश्नचिन्ह दाबलं की पूर्ण यादी उघडते. कळा चालत नसतील तर आधी कीबोर्ड मराठीवर राहिलाय का ते पाहा. बहुतेक वेळा तेच कारण निघतं.

कोण वाचणार

पोस्ट कुणापर्यंत जावी याचे चार स्तर आहेत: सार्वजनिक, शांत सार्वजनिक, म्हणजे सगळ्यांना दिसणारी पण शोधात आणि टॅगच्या पानांवर न येणारी, फक्त फॉलोअर्ससाठी, आणि खाजगी उल्लेख. ‘फक्त फॉलोअर्स’ला अर्थ तेव्हाच, जेव्हा फॉलोअर तुम्ही पारखून घेता. खातं उघडं असेल तर कुणीही आता फॉलो करून पुढची पोस्ट वाचू शकतो. ‘प्रायव्हसी अँड रीच’मध्ये नव्या फॉलोअरना आपोआप मान्यता देण्याची टिक काढा.

खाजगी उल्लेखात जपायचं ते वेगळंच. मॅस्टोडॉनमध्ये संदेशांची निराळी यंत्रणा नाही, खाजगी उल्लेख हीसुद्धा पोस्टच असते; ज्याचं हँडल मजकुरात असेल त्याला तो संदेश जातो. दोघं जण तिसऱ्याबद्दल खाजगीत बोलताना एकाने ओघात तिसऱ्याचं पूर्ण हँडल लिहिलं की तो संदेश तिसऱ्याच्या सूचनांमध्ये जाऊन पडतो. अशा ठिकाणी नाव लिहा, @ चिन्ह लावू नका. हे संदेश कूटबद्धही नसतात, दोन्हीकडच्या सर्व्हरचालकांना ते तांत्रिकदृष्ट्या वाचता येतात. बँकेचे तपशील, पत्ता, फोन नंबर इथे नकोत.

चूक झाली तर ‘एडिट’ वापरा. आधीची रूपं इतिहासात दिसत राहतात आणि बूस्ट करणाऱ्यांना बदलाची सूचना जाते, पण पसंती, बूस्ट, उत्तरं शाबूत राहतात. ‘डिलीट अँड रीड्राफ्ट’ने पसंती आणि बूस्ट जातात, आणि उत्तरं मूळ पोस्टपासून तुटतात. दर्जा, म्हणजे सार्वजनिक की खाजगी, संपादनाने बदलत नाही, तिथे ‘डिलीट अँड रीड्राफ्ट’चाच मार्ग घ्यावा लागतो. पोस्टची मर्यादा मूळ सेटिंगमध्ये ५०० अक्षरांची आहे, दुवा कितीही लांब असला तरी २३ धरला जातो. चित्रं चार जोडता येतात. प्रत्येकाला वर्णन लिहायला १५०० अक्षरांची जागा असते, ती वापरा, वर्णन नसलेली चित्रं इथे लोक सहसा बूस्ट करत नाहीत.

सर्व्हर बदलायचा झाला तर क्रम महत्त्वाचा. आधी नव्या खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन जुन्या खात्याचं हँडल उपनाम म्हणून नोंदवायचं, मग जुन्या खात्यावरून स्थलांतर सुरू करायचं. उलट केलंत तर त्रुटी येते. फॉलोअर आपोआप नव्या खात्याकडे वळतात, त्याला काही तास लागू शकतात. पोस्ट येत नाहीत. तुम्ही ज्यांना फॉलो करता ती यादीही येत नाही; ती ‘इम्पोर्ट अँड एक्सपोर्ट’मधून सीएसव्ही फाइल म्हणून उतरवून नव्या खात्यात चढवावी लागते. चढवताना ‘मर्ज’ निवडा, ‘ओव्हरराइट’ निवडलं तर नव्या खात्यावर आधी केलेले फॉलो पुसले जातात. एकदा हललात की पुढचे ३० दिवस पुन्हा हलता येत नाही. आणि हे सगळं जुना सर्व्हर चालू असेल तरच होतं. छोटे सर्व्हर चालवणारी माणसं स्वतःच्या खिशातून खर्च करतात आणि कधीकधी थांबतात. म्हणून फॉलो, ब्लॉक आणि बुकमार्कच्या फाइल महिन्यातून एकदा उतरवून ठेवा, दोन मिनिटांचं काम आहे.