चार मिनिटांचं वेल्डिंग

टाकी 1000 लिटरची. रंगाची भांडी धुतलेलं टोल्युइन, म्हणजे चटकन पेटणारं सॉल्व्हंट, तिच्यात साठवायचं. आउटलेटच्या नोझलला जोडावर बारीक चीर गेलेली. तळोजा एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात मेंटेनन्सला लागून मला जेमतेम तीन महिने झाले होते, तेव्हा हे काम माझ्या गळ्यात पडलं. टाकी आदल्या रात्रीच रिकामी केलेली. ठेकेदाराचे वेल्डर मामा सकाळी आठलाच मशीन घेऊन हजर. "साहेब, रिकामीच आहे ना? पाच मिनिटांत उरकतो."

मलाही तसंच वाटत होतं. पण हॉट वर्क परमिटवर (ठिणग्या उडणाऱ्या कामाच्या लेखी परवानगीवर) सही करण्याआधी सेफ्टीच्या मॅडमनी मला हिशोब करायला बसवलं. हवेत टोल्युइनची वाफ साधारण 1.1 ते 7.1 टक्के असली की एक ठिणगी पुरते. या टाकीत खालचा आकडा गाठायला टोल्युइन किती लागेल? साधारण 50 मिली. कटिंग चहासुद्धा याहून जास्त असतो! शिवाय फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानापासून पेटण्याइतकी वाफ सुटते तो) 4 अंश, म्हणजे तळोज्यात जानेवारीतही वाफ सुटतच राहणार. (पेट्रोलच्या बंद टाकीत वाफ इतकी दाट होते की जळायला हवाच पुरत नाही. टोल्युइन मात्र आपल्याकडच्या 30 अंशांना नेमकं मधल्या पट्ट्यात बसतं.)

मग सुरू झालं. नुसते व्हॉल्व्ह बंद करून भागत नाही, म्हणून पाइपलाइन सोडवून तोंडांना ब्लाइंड, म्हणजे बंद चकत्या, मारल्या. मॅनहोल उघडलं. स्टीमच्या होजचं तोंड वायरने टाकीला जोडलं आणि टाकीचं अर्थिंग तपासलं, कारण स्टीमच्या फवाऱ्यानेही स्थिर वीज तयार होते. हे कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं. दोन तास स्टीम, मग हवेवर चालणारा ब्लोअर.

दुपारी गॅस मीटरची नळी मॅनहोलच्या तोंडाशी धरली. शून्य. मी लगेच परमिट पुढे केलं.

"खाली सोडा ती," मॅडम म्हणाल्या.

टोल्युइनची वाफ हवेच्या तिप्पट जड. नळी तळाकडे गेली तसा आकडा हलला. 6, 11, 18. पेटायला जेवढी वाफ लागते तिच्या 18 टक्के, आणि आकडा चढताच. तळाशी रेझिनचा बोटभर चिकट गाळ होता. स्टीमने तापून तोच आत मुरलेलं टोल्युइन सोडत होता. मामांनी काही न बोलता वेल्डिंगचा होल्डर खाली ठेवला आणि जेवायला गेले.

आत उतरायचं नाही, त्याचं परमिट वेगळं. त्यामुळे लांब दांड्याच्या पितळी खरवडणीने बाहेरूनच गाळ ओढला. पुन्हा स्टीम, पुन्हा ब्लोअर. संध्याकाळी पाचला वर, मध्ये आणि तळाला शून्य. वेल्डिंगला चार मिनिटं लागली. त्यानंतर अर्धा तास एकजण एक्स्टिंग्विशर घेऊन तिथेच उभा.

पाणी भरून पाहिलं, तर जोडाच्या शेजारून अजून थेंब येत होता. तोवर शिफ्ट संपली, परमिटही संपलं. दुसऱ्या दिवशी सकाळी टाकी उपसली आणि मीटरची नळी पुन्हा आत सोडली. या वेळी आधी तळाला.