पूर ओसरला की पुढे काय

पुराच्या बातम्या येतात त्या पाणी चढत असताना, पाणी उतरलं की कॅमेरे पण जातात आणि छोट्या गावाची खरी परवड तिथून सुरू होते. घरात राहतो तो गाळ. ओला असतानाच ओढून काढला तर निघतो, एकदा वाळला की फरशीला असा चिकटतो की खरवडत बसावं लागतं, आणि भिजलेल्या गाद्या, भिंती 24 ते 48 तासांत वाळल्या नाहीत तर बुरशी धरायला लागते. विहिरीत सांडपाणी शिरलेलं असतं, त्यामुळे उपसून, क्लोरीन टाकून, तपासून घेतल्याशिवाय ते पाणी पिऊ नका प्लीज. आणि वाहत्या पाण्यात उतरू नका, 15 सेंटीमीटर पाणी पण धडधाकट माणसाला पाडू शकतं.

मला जास्त काळजी वाटते ती शेजारच्या गावांची. एका काठाने बांध उंच केला की पाणी समोरच्या काठावर नाहीतर खालच्या गावात चढतं, नदी तीच ना! वरच्या गावाने पातळी वेळेत फोन करून कळवली तर खालच्यांना म्हातारी माणसं, गुरं हलवायला थोडा वेळ मिळतो. ते फोन नंबर आधीपासूनच एकमेकांकडे हवेत, दोन्ही काठांवरच्या लोकांचे.