पेव्हर ब्लॉकवरची चाकं

नेरूळला आमच्या गेटपासून स्टेशनपर्यंत निम्मा रस्ता पेव्हर ब्लॉकचा. माझ्या पहिल्या स्केटबोर्डाची चाकं ५२ मिलिमीटर व्यासाची, कडकपणा ९९ए. त्या ब्लॉकवरून जाताना दात वाजायचे, तळपाय बधिर व्हायचे. एकदा वाटाण्याएवढा खडा चाकापुढे आला. बोर्ड जागीच थांबला आणि मी पुढे फेकलो गेलो. कोपरावर खूण अजून आहे.

दोष चाकांचा नव्हता, ती त्या रस्त्यासाठी नव्हतीच. ‘ए’ हे ड्युरोमीटरचं, म्हणजे कडकपणाचं माप, आकडा जितका मोठा तितकं चाक कडक. गुळगुळीत काँक्रीटवर कडक, लहान चाकच हवं: बोर्ड हलका राहतो, पॉवरस्लाइडला, म्हणजे बोर्ड आडवा करून घसरवताना, चाक सहज सुटतं. खडबडीत रस्त्यावर चाकाचं मऊ युरेथेन (रबरासारखं प्लास्टिक) दबतं, धक्का गिळतं. आणि व्यास मोठा असला की चाक खड्याला अडत नाही, त्यावरून चढून जातं.

म्हणून ६० मिलिमीटरची ७८ए घेतली. पहिल्याच वळणावर चाक डेकला, म्हणजे उभं राहायच्या फळीला, घासलं, डेकखाली काळा चट्टा उमटला. ट्रक (चाकांचा धातूचा आस) आणि डेक यांच्यामध्ये उंची वाढवणारे रायझर पॅड टाकल्यावर ते थांबलं.

आकाराचं थोडक्यात: रुंद, धारदार कडेचं चाक वळणावर पकड धरतं, गोल कडेचं लवकर घसरतं. रोजच्या जाण्यायेण्याला मी रुंदच घेईन.

आता पहाटे निघालो तर नुसती हलकी घरघर येते. कोपऱ्यावरची कुत्री मानही वर करत नाहीत. जुनी ९९ए पिशवीत असतात, गुळगुळीत काँक्रीट मिळालं की बदलायला.